जागं ठेवण्याची पाळी

आमच्या ओर्दूच्या घरात बाबा पाहुण्यासारखे यायचे.
नोव्हेंबरात, धुराचा वास अंगावर घेऊन,
हेझलनटच्या पोत्यांआड बूट काढायचे,
आणि मार्चमध्ये बूटही नसायचे, बाबाही नसायचे.

मग मदतनीस जेमिल जर्मनीला गेला.
पेट्या उचलायला कुणी उरलं नाही.
आई म्हणाली, आम्ही येतो.
शाळेचं काय, असं मुख्याध्यापकांनी विचारलं,
तर म्हणाली, आल्यावर बघू.

एकशे ऐंशी पेट्या. निळ्या, पिवळ्या, काही नुसत्या लाकडाच्या.
मधमाश्यांना दिवसा हलवता येत नाही.
अंधार पडून शेवटची माशी परतली
की दारं बुजवायची, जाळी ओढायची, दोर आवळायचे
आणि निघायचं. मग थांबायचं नाही.
इंजिन बंद पडलं की आतून गलका उठतो,
उन्हात अडकलं तर मेण वितळतं.

इतकी वर्षं बाबा जिभेवर मीठ ठेवून जागे राहिले.
पहिल्याच रात्री, अदानाच्या वाटेवर,
त्यांनी मिठाची पुडी काढली
ती आईने खिडकीबाहेर भिरकावली.
आम्ही कशाला आहोत मग?

पाळ्या लागल्या.
दहा ते बारा कोराय: फुटबॉल, आणि समोरून येणाऱ्या
ट्रकांचे नंबर उलटे वाचून दाखवणं.
बारा ते दोन मी. माझ्याकडे नुसते प्रश्न.
राणीमाशीला माहीत असतं का, आपण राणी आहोत ते?
माझं नाव कुणी सुचवलं?
माझ्या वाढदिवसाला तुम्ही कुठे असता?
कार्सच्या पठारावर, म्हणाले. तेव्हा तिथे थाइम फुलतं.
एक अख्खा पूल ओलांडून झाल्यावर:
तारीख लक्षात असते.

दोननंतर आई.
आम्ही मागच्या फळीवर, घोंगडीत, झोपेचं सोंग घेऊन.
आधी ती छपराचं बोलायची, वीजबिलाचं.
सिवासच्या अलीकडे कुठेतरी
छप्पर संपलं, बिलं संपली,
आणि तिने बारा वर्षांचं बोलायला घेतलं.
ते मी इथे लिहिणार नाही.

बाबा गप्प. पाऊस नसताना वायपर एकदा फिरला.
मग म्हणाले, एर्झिंजानच्या वळणावर
एकदा डोळा लागला होता माझा.
तीस पेट्या दरीत गेल्या.
तुला सांगितलं होतं, अस्वलाने नेल्या.

तीस? आई म्हणाली. एका अस्वलाने?
आणि हसली. इतकी, की कोरायचं सोंग सुटलं.
हसता हसता तिने संत्रं सोललं,
एक फोड त्यांच्या तोंडात घातली.
नजर दोघांचीही रस्त्यावरच.

पहाटे नव्या माळावर दारं उघडली
तरी माश्या लगेच फुलांकडे जात नाहीत.
पेटीकडे तोंड करून उलट्या उडतात,
आधी वीतभर, मग हातभर,
घर आता कुठे आहे ते डोळ्यांत भरून घेतात.
हे दाखवायला बाबा गुडघ्यांवर बसले होते,
कॉलरला संत्र्याची शीर चिकटलेली.
मी दोन पावलं मागे सरकले.
अजून दोन.
त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता.
डावी भुवईसुद्धा मला नवीच होती.

ऑक्टोबरच्या शेवटी ओर्दू.
ज्याची त्याला खोली, ज्याची त्याला भिंत.
कुणालाच झोप येईना, मग कधीतरी आली,
आणि मध्यरात्री आईचा आवाज, झोपेतलाच,
सगळ्या घराला ऐकू जाईल असा करडा:
नेजात, डोळे मिटू नकोस.

नाही मिटत, बाबा म्हणाले.

भिंतीपलीकडून कोराय:
थांबू नका हं, पेट्या तापतील.

मी अंधारात घाईघाईने
एखादा प्रश्न शोधत होते.
पाळी माझी होती.