मिश्रीची डबी

सोमवार तिनेच निवडला.
सोमवारी दिवाळ्याच्या बाजारात गिऱ्हाईक पातळ,
कुणाचा उपास, कुणाची सवय.
धंद्याचा दिवस दाढेपायी का घालवायचा?

खुर्ची मागे कलली. कस्तुरे डॉक्टरीणबाईंनी
दोन बोटांनी तिचा गाल बाजूला केला,
आत उजेड मारला, आणि मला हसू आलं.
चाळीस वर्षं ही अशीच कल्ला उचलून दाखवते:
बघ ताई, लालभडक आहे, कालचा माल नाही.
आज तिच्याच कल्ल्यात कुणी डोकावत होतं
आणि भाव करायची तिला सोय नव्हती.
उपटलेली दाढ तिने खुणेने मागून घेतली,
कागदात बांधून कमरेला खोचली.

बोळा दाताखाली दाबून ठेवायचा. अर्धा तास. बोलायचं नाही.
बेलापूर स्टेशनपासून रिक्षावाल्याने वीस जास्त मागितले
आणि माझी आई, चांगुणा कोळीण,
गप्प बसली.
मी वीस रुपये दिले. तिने असं पाहिलं माझ्याकडे
की दाढेपेक्षा तेच जास्त ठणकलं असावं.

घरी कागद लावला फ्रिजवर:
थुंकायचं नाही. आज चूळ नाही, उद्यापासून.
स्ट्रॉ नको, गरम नको, तिखट नको.
मिश्री, तंबाखू –
इथे बाईंनी दोन रेघा ओढलेल्या,
दुसरी इतकी जोरात की कागद फाटला.

मी समजावलं, खड्ड्यात रक्ताची गाठ धरते,
ती निसटली तर हाड उघडं पडतं.
आईने मान हलवली. झाकण तिला कळतं.
टोपलीवरचं ओलं गोणपाट उचललं की माशी बसते,
हे तिने मला शाळेच्याही आधी शिकवलं.

गालाला बर्फ, बाहेरून, दहा मिनिटं लावून दहा मिनिटं काढून.
फ्रिजरमधले चौकोनी खडे तिला पसंत पडेनात.
उठली, माशांच्या पेटीतला चुरा पिशवीत भरला,
फडकं गुंडाळलं,
आणि सुरमई निजवावी तसा
आपलाच गाल त्यावर निजवला.

पहाटे चारला डब्यांचा आवाज.
हळदीची, जिऱ्याची, सुईदोऱ्याची,
एकेक उघडून हुंगत होती अंधारात.
मी डोळे मिटून पडून राहिले.
मिश्री वॉशिंग मशीनच्या मागे होती.
आणि दातओठ खायचीही तिला बंदी होती.

दुसऱ्या दिवशी कोमट पाणी. मिठाचा अंदाज तळहातावर.
"खाडीएवढं खारं नको,"
एवढंच बोलली.
तोंडात धरायचं, मान इकडे, मान तिकडे,
मग ओठ उघडून नुसतं पडू द्यायचं.
जोर लावायचा नाही.
जोर न लावता काही करताना
मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

गार पेज. मऊ भात. गोळ्या जेवणानंतर.
मऊ ब्रश, त्या कोपऱ्याला वळसा घालून.

बुधवारी बाजारात बसली, तोंडाला पदर.
भाव बोटांवर.
घासाघीस करायची तर समोरून आवाज लागतो,
तो नसल्यामुळे बायका गडबडल्या,
पाचशेचे पाचशे देऊन गेल्या.
रात्री नोटा मोजताना ती हसली,
एकाच बाजूने.

पुढच्या सोमवारी टाके निघाले.
"छान भरतंय. आणि मिश्री?"
मी आईकडे पाहिलं, आईने पंख्याकडे.

संध्याकाळी डबी काढून दिली मी तिला.
मला फार दिवस जेलर होता येत नाही.
तिने घेतली, मोरीत गेली, बराच वेळ नळ चालू.

रात्री डबी फळीवर, नेहमीच्या जागी.
ती झोपल्यावर मी हळूच हलवून पाहिली.
आत काहीतरी खडखडलं.

मिश्री खडखडत नाही.