साडेसातची हेमांगी

पहिल्या भागात तू डाव्या हाताने सही केलीस, हेमांगी.
बँकेतला साहेब हसला,
तू फॉर्म परत ओढून घेतलास, म्हणालीस,
हसून झालं की सांगा, मग करते.
फैजपुरात आमच्या गल्लीत त्या रात्री
भांडी जरा जोरात घासली गेली.

मी केळीच्या काट्यावर असते.
दिल्लीची गाडी भरताना एक घड कमी लागला
तर दिगंबर मुकादमाचा रात्री दहाला फोन,
"ताई, एक कुठं गेला?"
आणि तुझा दीर?
गणपतीच्या भागात समई काढायला माळ्यावर चढला
तो अजून खाली आलेला नाही.
तुम्ही दोन दिवाळ्या केल्या, घर गहाण टाकलं, सोडवलं,
जिन्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मग तुला रडायला बसवलं.
आधी महिन्यातून एकदा,
मग खिरीत कुणी मीठ टाकलं म्हणून सलग सहा दिवस.
मग अपघात. मग तुझी आठवण गेली.
लिहिणाऱ्याची त्याच्या आधीच गेली असावी,
कारण ज्या नवऱ्याला तू मनमाडच्या फलाटावर सोडून आलीस
त्याच्याच नावाने उपास धरलास.
मग सात वर्षं पुढे.
मी डुबुकवड्यांना फोडणी देऊन येईपर्यंत
तुझी रांगती मुलगी साखरपुड्याला उभी.

कोकिळाबाई बोंडे म्हणतात,
"जाऊ दे वं माय, टीव्हीतलं ते. त्यायले बी पोट हाये."
पोट मलाही आहे.
म्हणून काय मी कालचं वजन आज खोडते?

त्यांना सांगितलं नाही कधी,
पण त्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी
मी पतपेढीत गेले होते.
लहानपणी यावलच्या शाळेत
ज्या हातावर पट्टी बसायची,
ज्या हाताने वाढलं की आत्या ताट सरकवायची,
त्याच हाताने सही केली.
खातं माझ्या एकटीचं. शिपाई हसला.
मी थांबले. हसून झाल्यावर केली.

एप्रिलमध्ये पडद्याखाली पट्टी आली,
आजपासून हेमांगीच्या भूमिकेत, आणि कुणाचं तरी नाव.
पंख्याचं वारं चुलीतून आल्यासारखं,
नवी बाई गोरी, नाक सरळ,
वकिलाने कागद पुढे केले
आणि तिने सगळं नवऱ्याच्या नावे करून दिलं
उजव्या हाताने,
भराभर, जणू जन्मभर तोच हात होता.

मी टीव्ही बंद केला.
दुसऱ्या दिवशी काटावहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
दीर, एक, माळ्यावर.
हेमांगी, एक, कमी.
दिगंबरने पाहिलं तर म्हणेल ताईला ऊन लागलं.

तरी साडेसातला बसतेच.
आवाज बंद ठेवून.
तिच्या डाव्या हातात नेहमी काहीतरी दिलेलं असतं,
ताट, पदर, कुणाचं तरी बाळ.
मी तेवढंच बघते,
रिकामा होतो का कधी.