डावरी काठी नसते

हॉकीत डावरी काठी नसते.
परेरा सरांनी आठवीतच सांगितलं होतं,
"कात्रीसुद्धा मिळते हल्ली डावऱ्यांची,
पण हॉकी उजव्यांचीच. हात बदल."
मी बदलला नाही. आता तो माझा बाणा होता असं सांगते,
तेव्हा नुसतंच जमत नव्हतं.

शाळेची काठी एकच, टेपनं बांधलेली.
ती हर्षालीकडे गेली.
माझ्याकडे पाण्याचा पाईप आला.

कोरबा मिठागरात पाणी सव्वाचारला येतं.
पाचला पाच कमी असताना नळ खाकरतो,
की संपलं.
तेवढ्यात दोन निळे ड्रम, सात कळश्या
आणि हर्षूची बाटली. ती सगळ्यात आधी.
मग ती पहिल्या बसनं चर्चगेटला, टर्फवर,
पाठीवर लांबडी पिशवी.
लोखंडेकाकूंना वर्षभर वाटत होतं
पोरगी गिटार शिकते.

टर्फही निळंच.
आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मॅच सुरू व्हायची होती,
चारी बाजूंनी फवारे उडत होते,
उंच, कुणाच्या बापाचं काय जातंय असे.
"एवढं पाणी कशाला?"
चेंडू सरळ जावा म्हणून, मी म्हटलं,
कोरड्यावर तो उड्या मारतो.
फवारे थांबेपर्यंत आई बघत राहिली.
पदरानं तोंड पुसलं, कोरडंच होतं,
म्हणाली, "चेंडूची मजा आहे."

एकोणिसाव्या वर्षी पाठीवर नाव आलं: गमरे,
आणि छातीवर देश.
पेनल्टी कॉर्नरला तिचं काम एवढंच,
चेंडू सुटला की गोलमधून निघायचं
आणि मारणारीच्या अंगावर धावत जायचं.
तोंडाला जाळी, गुडघ्यांना पॅड,
बाकी सगळं उघडं.
"अगं, लोक चेंडूपासून पळतात," मी फोनवर म्हटलं.
"चार पावलं," ती म्हणाली, "मोजलेली असतात.
पाचव्याला विचार येतो,
म्हणून पाचवं ठेवायचंच नाही."

न झालेल्या गोलाला नाव नसतं.
बोर्डावर कधी गमरे आलं नाही.
पप्पा तेवढे किराण्याच्या वहीत लिहायचे,
साखर अर्धा किलोच्या खाली:
आज तीन अडवले. एक मांडीवर.

एकतीस सामने. गोल एक.
त्या दिवशी चेंडू तिच्या डाव्या अंगाला आला,
वळायला जागा नव्हती.
तिनं काठी पालथी केली,
जमिनीला लागून, धारेनं...
पिठाच्या हातांनी मी मोबाईल धरला होता.
तो फटका मला ओळखीचा वाटला,
आधी मनगटाला, मग डोळ्यांना.
मिठागराच्या भिंतीशी मी अशीच मारायचे
फुटक्या प्लास्टिकच्या चेंडूला,
आणि परेरा सर शिट्टी फुंकून लाल व्हायचे.

रात्री बाराला फोन.
"बघितलास?"
"बघितला."
"तुझाच होता."
मी म्हटलं, पाणी येईल, ठेवते.
पाणी यायला चार तास होते.

या वेळच्या यादीत चोवीस नावं आहेत.
मी तीनदा वाचली, खालून वरसुद्धा.
"गुडघा," ती म्हणाली. पुढे काही नाही.
रेल्वेच्या नोकरीवर हजर झाली,
खिडकीच्या आत बसते,
लोक सुट्टे मागतात, तोंड कुणी बघत नाही.

आज मी उठले तर ती माझ्या आधी,
ड्रमच्या झाकणावर बसून पट्टी गुंडाळत.
"झोप की."
"सवय."
नळ आला. तिनं पाईप उचलला,
तोंडावर अंगठा दाबला
आणि गल्लीत धार उडवली, उंच,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
फरशी चमकेपर्यंत.
लोखंडेकाकूंनी दार उघडून शिव्या घातल्या.
आतून आई, झोपेतच:
"कुणाच्या बापाचं पाणी आहे?"

हर्षाली काठी आणायला आत गेली होती.
ओल्या फरशीवर
मी चार पावलं मोजून बघितली.
पाचवं पडलंच.