वजन

मत्राच्या बाजारात, मुर्तझाच्या सोन्याच्या काट्यावर
मी दोन ट्रक ठेवतो.
सत्त्याऐंशीचा, पहिल्या पगारातला, दीड रियालाचा : एकशे बारा ग्रॅम.
यंदाचा : एकोणपन्नास.

दार उघडत नाही. दाराची नुसती रेघ.
आरसे स्टिकरचे.
खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत
'खास संग्राहकांसाठी, मर्यादित आवृत्ती',
आणि मर्यादा तीस हजारांची.

कंपनीला लिहिलं होतं, चाकांबद्दल.
उत्तरात सवलतीचं कूपन आलं.

पूर्वी ते पोरांसाठी बनवायचे,
पोरं आपटणार म्हणून जस्त भरपूर ओतायचे.
आता आम्ही खोकं फोडतच नाही
हे त्यांना कुणीतरी सांगितलंय.

'घडणावळ किती लावली?' मुर्तझा हसत विचारतो.
मी दोघांना दोन खिशांत टाकतो.
धक्क्यापर्यंत चालताना
एकच खिसा लोंबतो.