कमावलेलं

राजारामपुरी, पाचवी गल्ली, जिन्याखालची लॅब.
मेणाच्या ठोकळ्यात काडीएवढं मूत्रपिंड,
वर चिठ्ठी: ज्योतीराम व्हटकर, बावन्न, सुभाषनगर.
पात्यावरून तीन मायक्रॉनची फीत उतरते,
कोमट पाण्यावर तरंगते.
मी तिला काचेवर अलगद उचलते
आणि रंगांच्या वाट्यांतून फिरवून आणते.

पेशी लाल येतात. व्रण निळा.

आज निळं फार आहे.
नलिकांमधल्या बोळांतून निळं,
गाळण्यांच्या गोल अंगणात निळं.

कुणीतरी पहिली हाक मारली असणार.
कंबर धरली की एक गोळी, अशी बावीस वर्षं;
कुठल्याशा नलिकेची एक पेशी पोळली
आणि तिनं निरोप सोडला.
टीजीएफ-बीटा. नाव रुक्ष, काम मायेचं.
शेजारणीच्या दारावर तो थाप मारतो,
आत स्मॅड नावाचे दोघे उठतात,
फॉस्फेटचा बिल्ला लावून केंद्रकात शिरतात,
जुनी वही उघडून एकच ओळ वाचतात:
जखम आहे, भरा.

मग एकीच्या दोन पेशी, दोनाच्या चार,
दोर वळतात, टाके घालतात, खपली धरते.
इथवर सगळं शहाणपणाचं.

थांबवायलाही कुणी निघतंच.
स्मॅड सात, त्याच घरातला धाकटा.
‘पुरे आता’ एवढंच त्याला सांगायचं असतं.
पण सकाळी पुन्हा गोळी, पुन्हा पोळणं, पुन्हा हाक;
धाकट्याला वाटेतच मोडून टाकतात
आणि भरणारे भरत राहतात,
जिथं जखम नाही तिथंसुद्धा.

रिपोर्ट न्यायला तो स्वतःच आला.
डॉक्टर सांगतील, असं मी म्हणायचं असतं. म्हटलं.
तो हलला नाही. नखांत काळं मेण,
अंगठ्याला आरीची जुनी भोकं.
‘सांगू नका. नुसतं दाखवा.’

मी स्टूल सरकवलं.
उजवा डोळा मिटून त्यानं डावा लावला,
कापशीच्या पट्ट्यावर वेणी सरळ बसली का
हे बघत असेल तसा.
‘निळं काय?’
कोलॅजन, म्हटलं. कातड्यात असतं तेच.
चपलेत असतं तेच.

तो बराच वेळ डोळा काढेना.
‘दाणा घट्ट हाय,’ म्हणाला,
‘म्हशीच्या पाठीचा असतो तसा.’
आणि मग, भिंगाशीच बोलल्यासारखा:
‘बापाच्या हाताखाली कातडं कमावलं, ताई.
चुना, बाभळीची साल, हिरडा.
पाण्यातनं कधी काढायचं ते हाताला कळायचं.
दोन दिस जास्त राहिलं की ताठ,
पायात घालून उपेग न्हाई.
आतल्यास्नी कुणी शिकवलंच न्हाई व्हय,
कधी काढायचं ते?’

एक आहे, म्हटलं. त्याला कुणी टिकू देत नाही.

‘मग त्याचंच बघा की कायतरी.’
जणू एखादी ऑर्डर माझ्याकडे अडकली होती.

लिफाफा खिशात घातला. उठता उठता
माझ्या सँडलचा उसवलेला पट्टा त्याला दिसला.
‘काढा.’
खिशातनं सुई आली, मेणाचा दोरा आला.
एक टाका. दुसरा. तिसऱ्याला भोक पाडलं
आणि हात तिथंच थांबला.
गाठ मारली, दातानं दोरा तोडला.
‘बास. लई टाकं घातलं
की कातडं टाक्यातनंच फाटतं.’