दोन नंबरचा ठोका

नाहूरच्या पुलावर दिवा लागला.
पिवळा, इंजिनाच्या आकाराचा,
बालवाडीतल्या पोरानं काढावा तसा.
मग गाडीला उचकी.
एक.
थोडं थांबून आणखी एक.
मागच्या सीटवर, बर्फाच्या पेटीत,
अकरा जणांचं रक्त होतं.

गॅरेजवाला बॉनेट न उघडताच म्हणाला,
"मॅडम, कॉम्प्युटर गेला. अठरा हजार धरून चाला."
बावीस वर्षं लोकांच्या शिरा शोधते आहे मी.
हात न लावता सांगितलेला आजार
मला पटत नाही.

रात्री साडेदहा. बिल्डिंगच्या मागे,
पाण्याच्या टाकीला लागून आमची सात नंबरची जागा.
तिसऱ्या मजल्यावरच्या ग्लेननं दिलेलं
काडेपेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं.
मोबाइलवर आकडा उमटला : तीनशे दोन.
म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर ठोका चुकवतंय.
का चुकवतंय, ते आकडा सांगत नाही.
थर्मामीटरला ताप कळतो,
मलेरिया की टायफॉइड, ते त्याचं काम नव्हे.

वॅगन-आरला सिलिंडरं तीनच.
एक रुसलं की उरलेल्या दोघांनी ओढायचं.
असं घर मला माहीत आहे.

प्लग काढला. टोक ओलं.
नाकाशी नेलं : पेट्रोल.
म्हणजे ताट वाढलेलं होतं,
चूलच पेटली नव्हती.

आता कॉइल.
दोनची तीनवर लाव, तीनची दोनवर, ग्लेन म्हणाला होता,
आणि बघ, दोष जागेवरच थांबतो
की तिच्याबरोबर जातो.

दहाचा पाना. इवले बोल्ट.
त्यातला एक निसटला, आत कुठे तरी टणकन वाजला, गेला.
वीस मिनिटं.
वॉचमन बिंदेश्वरी टॉर्च घेऊन आला,
काही न विचारता उजेड धरून उभा राहिला.
दुसऱ्या मजल्यावर कुणी तरी खिडकी आपटली.

बोल्ट चाचपडताना आठवलं,
आम्हीही असंच केलं होतं.
परळहून भांडुपला, भांडुपहून मुलुंडला.
मोरेश्वर म्हणायचा, हवा बदलली की बरं वाटेल.
प्रत्येक वेळी टेम्पोतून
कपाट, गॅस, मुलीचा अभ्यासाचा टेबल उतरला,
आणि सगळ्यात शेवटी, कुणी न बांधलेला,
आमचा अबोला.
दोन्ही वेळा तो आमच्याआधी जिना चढला.
याला चाचणी म्हणतात
हे तेव्हा कळलं नाही.
आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

बोल्ट बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर सापडला.
जुना आकडा पुसला. चावी फिरवली.
थरथर. थरथर. उचकी.
पिवळं चित्र पुन्हा लागलं.
तीनशे तीन.

मी मोठ्यानं ओरडले, "गेली! बरोबर गेली!"
बिंदेश्वरीला वाटलं गाडी गेली.
"कितना लगेगा, दीदी?" तो हळहळला.
त्याला कसं सांगू,
गाडी अजून तितकीच आजारी आहे,
मीच तेवढी बरी झाले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुर्ल्याहून कॉइल आणली.
दुकानदार म्हणाला, मिस्त्रीला पाठवायचं ना.
पाठवलंय, म्हटलं.

आज पहाटे पाच.
सात जण उपाशीपोटी वाट बघतायत.
गाडी एका सुरात चालतेय,
तीन ठोके, तीन ठोके,
दिवा नाही.
तरी नाहूरच्या पुलावर चढताना
रेडिओ बंद केला, काच खाली घेतली,
मधल्याचा आवाज वेगळा काढता येतो का
ते ऐकत राहिले.

नखांत काळं अजून आहे.
साबणानं निघालं नाही.
पहिल्या घरच्या आजी विचारतील.
ग्लोव्हज घालीन.