हयातीचा दाखला

नोव्हेंबर. भायखळा, केंद्राचा दुसरा मजला.
खाली छापखाना. त्याचा ठेका
जिन्यातून तळपायात चढतो.
बावीस पायऱ्या, हे मोजतात.
मी फक्त कोपर देते.

कोपर द्यायचं, हात ओढायचा नाही,
हे पेरिन मॅडमनी पहिल्याच गुरुवारी शिकवलं.
"माणूस आहे गं तो, हातगाडी नाही."
त्याआधी वर्षभर मी ओढतच होते
आणि रात्री माझाच खांदा दुखायचा.

आज टेबलावर मोबाइल उभा.
नवीन पोरगा म्हणतो, "काका, इकडे बघा.
आता डोळे मिचकवा."
गोल हिरवा होत नाही.
"पुन्हा एकदा, काका."
हे मिचकवतात. काचेवरून पापण्या
खाली येतात, अर्ध्यातच अडकतात.
पडद्यावर अक्षरं येतात, पोरगा वाचतो,
वाचताना त्याचा आवाज बसतो:
जिवंत व्यक्ती आढळली नाही.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
पहिल्या वर्षी आमटीची वाटी भिंतीवर फुटली होती,
कारण मी भात कालवून दिला होता.
तो डाग अजून आहे.
त्यावर कॅलेंडर लावलंय, हे त्यांना सांगितलेलं नाही.

पण हे हसले.
"सुरुंगालाही असंच वाटलं होतं, बाळ.
लिही, नायक शिवदास धायगुडे, हजर."

पेरिन मॅडम उठल्या. तिसरा खण,
डावीकडून पाचवी फाइल,
बोटांनी कडा चाचपत कागदी फॉर्म काढला.
तेव्हा कुठे त्या पोराला कळलं
की मॅडमनाही दिसत नाही.

पत्र्याच्या पट्टीला सहीपुरती खिडकी.
हे त्या खिडकीत सही करतात,
'धायगुडे'चा शेवटचा डे
दर वर्षी पट्टीला धडकतो.

मग माझी पाळी. ओळखणाऱ्याचं नाव.
सदर इसमास किती वर्षे ओळखता?
लग्नाला एकोणीस झाली.
पेन टेकवलं आणि थांबले.
एकोणीस वर्षांपूर्वीचा तो शिट्टी वाजवत सायकल मारायचा,
मला न विचारता पिक्चरची तिकिटं काढायचा.
हा माझ्या पावलांवरून ओळखतो
की आज बाजारात कुणी काहीतरी बोललंय.
याला ओळखून सात. तीही धरून चालायची.

"काय गं, अडलं का?"
"नाही. शाई येत नाहीये."

एकोणीस लिहिलं.
शाई वाळली का, म्हणून त्यांनी बोट टेकवलं,
आकडा फिसकटला, बोट निळं.
खाली उतरताना ते बोट
माझ्या कोपरावर होतं,
पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीवर.